पाणी तोडायचं झाड

पूनम सागर, मीरा रोड
१५ जानेवारी २०२५

सौ. कार्मिनबाई यांस,
सुचेताचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

उत्तनला परतणाऱ्या कोळीण विमलाबाईंच्या पाटीत उरलेल्या मासळीवर कागद घालून तिळगुळाचा डबा आणि ही चिठ्ठी ठेवली आहे. लाडवांना बोंबलाचा वास लागला तर तो तुमच्या उत्तनचा दोष, माझा नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की आमच्या एवढ्याशा घरात मेगनला सगळं कळतं. तिला कळू नये असंच आज लिहायचं आहे.

शनिवारी ती ऑफिसात असताना स्वप्नीलचा फोन आला. जहाज अजून त्या परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, मालक फोन उचलत नाही आणि कुणाला उतरू देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते हे, की जहाजावरचं गोडं पाणी संपत आलं आहे. आपला स्वप्नील जहाजाचा खानसामा, पण भात निम्म्या खाऱ्या पाण्यात शिजवतो म्हणाला. मेगनला सांगायचं नाही अशी शपथ घातली त्याने. मेगन तुमची लेक, म्हणून तुम्हाला सांगते, आणि मला एकटीला हे पोटात ठेवणं जमत नाही म्हणूनही.

दुसरं झाडाचं. त्याने परदेशातून बी आणून तुमच्याकडच्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात रुजवलं होतं आणि मग आमच्या मागच्या वाफ्यात लावलं, ते अ‍ॅस्परॅगस. आपल्या शतावरीची मावसबहीण. पहिली दोन वर्षं एकही कोंब कापायचा नाही, तिसऱ्या वर्षी मी आलो की मिळून खाऊ, असं तुमच्यासमोरच बजावून गेला. हे तिसरं वर्ष. जहाज अडकल्यापासून मी त्या झाडाकडे बघून दिवस काढते. ते हिरवं आहे तोवर तो सुखरूप आहे असं मनाशी धरलं आहे. हसू नका. आता त्याचा शेपूसारखा पाला पिवळा पडतोय. रोज एक बादली घालायची ती दोन घालते, तरी पिवळाच. तुमचा जन्म वाडीत गेला, तुम्हीच सांगा काय करू.

व्याही व्हिक्टरभाऊंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
सुचेता

*

उत्तन
१९ जानेवारी २०२५

श्रीमती सुचेताबाई यांना,
कार्मिनचा सप्रेम नमस्कार.

लाडू व्हिक्टरने एकट्याने संपवले, त्यामुळे वासाचं मला माहीत नाही. पाण्याचं वाचलं आणि चुलीवरचा कालवणाचा टोप तसाच राहिला, करपला. आज रविवारच्या मिस्साला गेले पण लक्ष कुठे होतं. वेलंकनी मातेपुढे मेणबत्ती लावली आहे. मेगनला मी काही बोलणार नाही.

झाडाचं ऐका. सुरणाचं पान पिवळं पडून आडवं झालं म्हणून आपण कधी रडलोय का? खाली गड्डा झोपलेला असतो. तुमच्या झाडाचंही तेच. जायच्या आदल्या दिवशी जावईबापू आमच्या ओट्यावर बसून व्हिक्टरला सगळं समजावत होते. तुम्ही आत मेगनबरोबर परतीची बॅग भरत होतात. म्हणाले, थंड देशात बर्फ पडला की हे झाड झोपतं. झोप मिळाली नाही तर थकून मरतं. आपल्याकडे थंडी नाही, म्हणून त्याला तहानेने झोपवायचं. पाणी पार तोडायचं, पाला वाळला की जमिनीलगत कापून टाकायचा, थोडे दिवस तसंच ठेवायचं आणि मग पाणी द्यायचं. तेव्हा बोटाएवढे जाड कोंब येतात.

तेव्हा बादली ठेवून द्या. व्हिक्टर म्हणतो, त्याला झोप आलीय, झोपू द्या, उगाच जागवू नका.

तब्येतीला जपा. आमची आठवण ठेवता तशीच ठेवा.
आपली विहीण,
कार्मिन

*

पूनम सागर
२ फेब्रुवारी २०२५

सौ. कार्मिनबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र उशाखाली ठेवलं आहे, पण तुमचं म्हणणं ऐकणं जमलं नाही. राग मानू नका.

परवा पुन्हा फोन आला. आता दोघांत मिळून एक बाटली मिळते म्हणाला. आवाज घोगरा झालाय, मी ओळखलाच नाही. आणि विहीणबाई, तुम्ही मला सांगता झाडाचं पाणी तोडा. माझं पोर तिकडे चहूकडून पाण्यात उभं राहून तहानलेलं आहे आणि मी त्याच्या हातच्या झाडाला तहानेने मारू? पाइप बंद करायला जाते आणि बादली भरूनच परत येते. उलट सकाळ-संध्याकाळ घालते आता. मी स्वतः त्याच्याइतकंच पिते, जेवताना अर्धा पेला. मेगनने विचारलं तर घसा दुखतोय म्हणून सांगितलं.

तरी कोपऱ्यातलं एक झाड काल आडवं झालं. उचललं तर मुळापासून सुटून हातात आलं. त्याला नाल्यासारखा वास येत होता. शेजारच्या दिव्याबेन गॅलरीतून म्हणाल्या, आंटी, ये तो गया. मी घरात येऊन दार लावून घेतलं. मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही. हे असंच होणार असेल तर मला बघायचं नाही.

तुमच्याशिवाय कुणाला लिहू? जीव लावता तो लावत राहा.
सुचेता

*

उत्तन
५ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सुचेताबाई,
नमस्कार. आज गोड काही लिहिणार नाही.

तुम्ही त्या झाडाला तहानेने मारत नाही आहात, बुडवून मारताय. वास आला ना, मग मुळं सडली. आणखी आठवडाभर असंच घालत राहिलात तर एकही राहणार नाही, आणि मग तुम्ही म्हणाल की स्वप्नीलला काही झालं. झाड मरेल ते तुमच्या बादलीने, आणि सुतक त्या पोराचं धरून बसाल. असला अपशकुन स्वतःच्या हाताने कशाला करता?

आता दुसरं, जे मी लिहिणार नव्हते. रविवारी मेगन एकटी इकडे आली होती. तिला पाण्याचं सगळं माहीत आहे. जहाजावरच्या दुसऱ्या एकाच्या बायकोने तिला केव्हाच सांगितलं. ती तुमच्यापासून लपवत होती, तुमचं ब्लड प्रेशर वाढेल म्हणून. म्हणजे दोघी एका घरात एकमेकींना चोरून रडता. तुमचा पाण्याचा अर्धा पेलाही तिने पाहिला आहे. म्हणाली, मम्मी, आई पाणी पीत न्हाय, मग माझ्या घशाखालीबी जात न्हाय. चार घास खाऊन उठली. अंगावरचं ब्लाऊज सैल झालंय तिचं, तुम्हाला दिसत कसं नाही? तुम्ही रात्रंदिवस त्या वाफ्याकडे बघता म्हणून दिसत नाही.

पोरीची आई आहे म्हणून एवढं बोलले. स्वप्नीलसाठी मलाही झोप नाही. पण तो परत येईल तेव्हा घरात माणसं शिल्लक पाहिजेत.

चिडलात तरी चालेल, अबोला धरू नका.
कार्मिन

*

पूनम सागर
४ मार्च २०२५

सौ. कार्मिनबाई यांस,
स. न. वि. वि.

चिडले होते. महिनाभर लिहिलं नाही ते म्हणूनच.

तुमचं पत्र मी मेगनच्या ताटाशेजारी ठेवलं आणि वाच म्हटलं. दोघीही खूप रडलो. मग तिने तांब्या भरून आणला. मी प्यायल्याशिवाय तिने घोट घेतला नाही.

त्या दिवसापासून पाइप बंद आहे. पाला पिवळा झाला, तपकिरी झाला आणि वाळून खुळखुळायला लागला. रोज बघायचे आणि रोज वाटायचं की आपण पाप करतोय. काल मेगनने कात्री आणली. तीन झाडं तिने कापली, शेवटचं मी कापलं. आता वाफा ओका-बोका आहे. सोसायटीचे सेक्रेटरी पराग येऊन विचारून गेले की जागा रिकामीच आहे तर लाद्या बसवू का. मी काही बोलण्याआधी मेगनने त्यांना असं काही सुनावलं की तुमची आठवण झाली.

पण फोन नाही, विहीणबाई. तुम्हाला मागचं पत्र लिहिल्यापासून एकही फोन नाही. कुणाच्याच घरी नाही. सरकारी कचेरीत मेगन दर आठवड्याला जाते, चौकशी चालू आहे एवढंच सांगतात. मी बागेत कापलं आणि तिकडे काही तुटलं असेल, असं मनात येतं. तुम्ही रागवाल म्हणून लिहायचं नव्हतं, पण येतं. देवापुढे बसलं तरी तेच येतं.

प्रार्थना करता त्यात खंड पाडू नका.
सुचेता

*

पूनम सागर
१५ एप्रिल २०२५

सौ. कार्मिनबाई यांस,
सुचेताचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पाडव्याला वाफ्याला पहिलं पाणी दिलं. चारांतली दोन मुळं मेलेलीच निघाली. उरलेल्या दोनांपैकी एकातून गेल्या आठवड्यात कोंब वर आला, जांभळट टोकाचा, अंगठ्याएवढा. मी त्याला हात लावला नाही. स्वप्नील आल्यावर मिळून खायचं ठरलं होतं. मेगन म्हणाली कापू या, मी म्हटलं थांबू या. बघता बघता त्याला पाला फुटला आणि देठ लाकडासारखा झाला.

रविवारी स्वप्नीलचा फोन आला. कुणा कोळ्याच्या फोनवरून करतोय म्हणाला, लवकर बोल. आवाज इतका खोल होता की मेगनने कान लावला तरी निम्मं कळलं नाही. मी किती प्रश्न मनात साठवले होते. पण त्यानेच आधी विचारलं.

“आई, झाडाचं पाणी तोडलंस ना?”

मी हो म्हटलं. कापलं, पुन्हा पाणी दिलं, कोंब आला, तुझ्यासाठी ठेवला, असं सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला,

“ठेवू नका. कापा आणि खा. माझी वाट बघू नका.”

मग फोन गेला. तेव्हापासून तो नंबर लागत नाही. सुटकेचं काही बोलला नाही आणि पाण्याचं विचारायला मला वेळच मिळाला नाही.

वाट बघू नका म्हणजे काय, कार्मिनबाई? कोंबाची म्हणाला की त्याची? मेगन म्हणते कोंबाचीच. तिचा चेहरा बघून मी पुढे विचारलं नाही.

आज सकाळी दुसरा कोंब वितीएवढा झाला होता. मेगनने तो कापला, धुतला, तुपावर परतला आणि दोन ताटल्यांत निम्मा निम्मा वाढला. चव हिरव्या वाटाण्यासारखी, किंचित कडवट. मी सगळा खाल्ला. खाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खाल्ला, कारण समोर ती खात होती. वर तांब्याभर पाणीही प्यायले.

पहिला मात्र वाढू दिलाय. तो आता कमरेएवढा झालाय. मुळांना पोसायला एखादा सोडावाच लागतो, हे तुम्हीही सांगाल. येत्या जानेवारीत तो पिवळा पडेल तेव्हा त्याचं पाणी तोडायला तुम्ही या. मला एकटीला पुन्हा जमायचं नाही.

ईस्टरला मेगनला पाठवते. तिला घट्ट धरा, आणि उरलं तर मलाही.
आपली विहीण,
सुचेता