नातीनं आणलेलं पोतं

रविवार, दिवेलागणीला

नात आली पुण्याहून! लई बरं वाटलं. येताना माझ्यासाठी पोतं भरून प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आली. मी त्या धुऊन, पट्ट्या कापून बसायची आसनं विणते ना, म्हणून. म्हणली, "आजी, आता दुकानात पिशवी घेताना मला काहीच वाटत नाही. तू आहेस की!"

मी हसले. भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली. पण ते पोतं काय डोळ्यापुढून हलेना. जुन्या चादरीची पिशवी शिवून दिलेली मी, तीच न्यायची की पोरगी आधी. आता न्हाई नेत, का तर आजी आसनं विणते. मग मी केलं तरी काय? एका आसनाला महिना जातोय, बोटं वळत न्हाईत.

पोतं कॉटखाली ढकललं. तितं मागच्या खेपेचं पोतं होतं. आत जाईना.