मंगळावरचं कुलूप

जठारपेठ, अकोला
७ मे १९३८

श्री. केशवराव यांस,
गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. उन्हाने कावळेसुद्धा बोलेनासे झाले आहेत. आईचे गुडघे दुखतात, तरी तिने बाळंतिणीची खोली सारवून ठेवली आहे. आपली वकिली जोरात असेलच.

परवा दर्यापूरला आपल्या ओटीवर गोष्टीचा विषय निघाला, तेव्हा माझी बोबडी वळली. म्हणून लिहितो. मासिकात आलेली ती गोष्ट मला वाळवंटात सुचली, हे देवाशपथ खरं. ज्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी सांभाळतो त्या शेठजींकडचं लग्न मार्गशीर्षात बिकानेरकडे होतं. तीन दिवस उंटावर. हाडं खिळखिळी झाली, पण डोळे निवत नव्हते. झाड नाही, पाखरू नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, ही पृथ्वी नव्हेच. शाळेत दहा वर्षं मंगळ शिकवला, पण पाहिला तो तिथे.

एका घरी अंगणात पावसाच्या पाण्याचं कुंड होतं, वर झाकण, झाकणाला कुलूप. किल्ली म्हाताऱ्या आजीबाईंच्या कमरेला. गोष्ट तिथेच उभी राहिली: सन एकवीसशे अडतीस, मंगळावरचे कालवे आटले, घरोघरी कुलपातलं पाणी. आपल्या घरच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्याचा त्यात संबंध नाही, असं मी ओटीवर म्हणालो.

ते खोटं होतं. कुलूप पाहिलं तेव्हा मला रमा आठवली.

आपल्याकडच्या विहिरी खारट, हे सोयरीक करताना आम्हाला ठाऊक होतं. पण टाक्यातलं गोड पाणी वडीलधाऱ्यांना आणि विहिरीचं सुनेला, हे तिच्या दिवाळीच्या पत्रातून कळलं. तिने लिहिलं होतं, “दादा, तहान लागली की मी आधी घरात कोण कोण आहे ते बघते.” मंगळावरच्या सुनेच्या तोंडी मी हेच वाक्य घातलं. एक अक्षर बदललं नाही. इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नसतं, लेखकाची हाव दुसरं काय!

आपण ते ओळखलंत, कारण तिचं पत्र आपण वाचूनच टपालात टाकलं होतंत. रागावू नका, पण एवढं लिहितोच. आपण ते वाक्य वाचून पेटीत टाकलंत, मी वाचून गोष्टीत टाकलं. पाणी तिला दोघांनीही दिलं नाही.

आता तिचं पत्र येत नाही. सातवा महिना, पायांवर सूज. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. म्हणून परवा न्यायला आलो होतो. मातोश्रींनी टाक्यातल्या पाण्याचा भरला तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “प्या मास्तर, पोटभर प्या. पुढच्या गोष्टीले कामी येईल. सून काही आमी धाडत नाही.” रमा दाराआड उभी होती. मी तांब्या परत सारायला हवा होता. मोटारीतून उतरून चालत आलो होतो, घसा सुकला होता. मी प्यालो. सगळा.

तेव्हापासून घरात पाणी पिताना लाज वाटते. बहिणीसाठी भांडायची माझी पत नाही, मुलीकडचे आम्ही. कोर्ट आपलं, गाव आपलं.

म्हणून माझ्या हातात आहे तेवढं करतो. सोबत मासिकाला पाठवायचा खुलासा जोडला आहे: ‘ते वाक्य सर्वस्वी कल्पित असून अशी तहान कोणत्याही घरात कोणालाही लागलेली नाही.’ खाली माझी सही आहे. शब्द कमी वाटले तर आपण वाढवा. रमा तो वाचेल, आणि भावानेही मला खोटं पाडलं, असं तिला वाटेल. वाटू द्या. पण तिला धाडा. आई रोज मोटारस्टँडवर जाऊन बसते.

म्हणाल तिथे, म्हणाल तसं खोटं लिहून द्यायला तयार असलेला,
गोपाळकृष्ण