एका राखीव कॅचरपायी

मिलवॉकी,
रविवार, चर्चहून आल्यावर, जेवणाआधी

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा भरघोस नमस्कार, आणि दाजींना त्यांच्या शिकागोच्या टीमला शोभेल इतपत. तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? दाजींची कंबर? (कंबरेची चौकशी अगदी मनापासून आहे. त्यांच्या टीमची मात्र करत नाही, कारण आधीच दुखणाईत माणसाला आणखी दुखवू नये असे आपल्यावर संस्कार आहेत.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बर्नीसच्या गुडघ्यात नवा सांधा बसवल्यापासून ती जिना अशी उतरते की खाली उभ्या माणसाने बाजूला व्हावं. बर्फ एकदाचं वितळलं आणि गेल्या ऑक्टोबरात ‘चोरीला गेलेली’ आमची दंताळी अंगणातच सापडली. तिच्यापायी मी शेजाऱ्यांशी पाच महिने बोलत नव्हतो, आता बोलायला सुरुवात कशी करावी या विवंचनेत आहे.

तर कळवण्यास अत्यंत आनंद होतो की माझा अल्बम पुरा झाला. हे वाचून तू ‘एवढंच ना?’ म्हणून कागद खाली ठेवणार, मला माहीत आहे. ठेवू नकोस. नवव्या वर्षापासून मी आपल्या एकाच बेसबॉल टीमची, खेळाडूंच्या फोटोंची कार्डं जमवतोय. बाकीचे लोक कसे, आज या टीमचा हिरो, उद्या त्या टीमचा, भाव चढला की विकून मोकळे. आपलं तसं नाही. एकदा ज्यांना आपलं म्हटलं त्यांना शेवटपर्यंत आपलं म्हणायचं, मग ते जिंकोत की हरोत (म्हणजे हरोतच). दरवर्षीचा झाडून सगळा संघ माझ्याकडे आहे. हिरो आहे, हिरोची जागा घ्यायला आलेला आहे, त्याच्या आधी हाकलून दिलेला आहे, आणि दोन सामने खेळून पुढे विमा विकायला लागलेलाही आहे. एका पानाला नऊ खिसे, एका खिशात एक कार्ड. फक्त दुसऱ्या वर्षाच्या पानावर, बरोब्बर मधला खिसा रिकामा होता. पाहुण्यांना अल्बम दाखवायला काढावा आणि त्या पानाशी यावं, की समोरचा दात पडलेल्या माणसाला हसायला सांगितल्यासारखं व्हायचं.

त्या खिशातला माणूस म्हणजे ऑर्विल पॅजेट, राखीव कॅचर. आता ‘कोण ग बाई हा’ असा चेहरा करू नकोस. बारा वर्षांची असताना तू याच माणसाशी लग्न करणार होतीस. सगळ्या मुली पहिल्या नंबरच्या पिचरवर जीव टाकत होत्या आणि आमच्या ताईसाहेबांनी निवडला तर बेंचवर बसून बसून ज्याच्या पँटचा रंग उडाला होता तो. त्याने एकदा आपल्या बाजूला बघून टोपी उचलली, तेव्हा ती तुझ्यासाठीच उचलली असं तू आठवडाभर सांगत होतीस. (ताई, तो घाम पुसत होता.)

तू म्हणशील, असल्या माणसाचं कार्ड मिळायला बावन्न वर्षं लागतात होय? लागतात. अगं, हिरोंची कार्डं लोक प्लॅस्टिकमध्ये घालून तिजोरीत ठेवतात. राखीव कॅचरला कोण जपतो? त्याला चिमटा लावून सायकलच्या चाकात अडकवतात, फटफट आवाज यावा म्हणून. अख्ख्या राज्यातले ऑर्विल पॅजेट असे चाकांत फाटून गेले. दुर्मीळ झाला बिचारा. बर्नीसला हे पटत नाही. ती म्हणते, ‘ज्याला जिवंतपणी कुणी विचारलं नाही तो कार्डात बरा दुर्मीळ होतो!’ पण तिने आजवर नॅपकिनसुद्धा जमवलेले नाहीत, तिच्याशी काय बोलणार.

आणि मग फेब्रुवारीत नॉर्बर्टने तळघर आवरलं. नॉर्बर्ट आठवतो ना? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांचा, तुझ्या वेणीत च्युइंगगम चिकटवणारा. आता टक्कल पडलंय, स्वभाव तोच आहे. त्याला कॉफीच्या जुन्या डब्यात लहानपणची कार्डं सापडली, रबरबँड लावलेली (रबरबँड! कार्डांना! असल्या माणसाला कॅथलिक म्हणून कसं घेतात कळत नाही), आणि त्यात आपले पॅजेटसाहेब. मला फोन करून त्याने नुसतं नाव सांगितलं आणि ठेवून दिला. मी चपलांवर बर्फातून धावलो.

कार्ड त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं होतं, वर मिठाची बरणी. विकत देणार नाही म्हणाला. बदल्यात मी माझ्याकडची दोन-दोन झालेली कार्डं देऊ केली, सगळी. नको म्हणाला. एक अख्खा हिवाळा त्याच्या दारातलं बर्फ काढून देतो म्हटलं. म्हणाला, आता फेब्रुवारी संपत आला, मला काय खुळा समजतोस? दुसऱ्या दिवशी बर्नीसचा खसखशीचा केक घेऊन गेलो. तो केक त्याने माझ्यासमोर बसून निम्मा संपवला, बोटं चाटली, बर्नीसची तोंडभर स्तुती केली, आणि मग म्हणाला, “केक झकास आहे, पण कार्ड केकने मिळत नसतं, कॅझ.”

“मग कशाने मिळतं ते तरी सांग बाबा!”

त्याने कपाट उघडून एक टोपी काढली. ताई, शिकागोची टोपी. तुझ्या घरात ती खुंटीवर राजरोस लटकते, त्यामुळे तुला त्याचं काही वाटणार नाही. पण आपल्या चर्चच्या, आपल्या पॅरिशच्या हद्दीत, ज्या घरात आपली आई पाव आणायला जायची त्या घरात! अट अशी, की पुढच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाचं, मटणाऐवजी माशांचं जेवण असतं तिथे मी ही टोपी घालून यायचं. दारात शिरल्यापासून गोड पदार्थ येईपर्यंत टोपी डोक्यावरून हलता कामा नये. कारणही कुणाला सांगायचं नाही. वर म्हणतो कसा, “तुझी आई पोरीचं कार्ड कचऱ्यात टाकणारी म्हणून आधीच गावभर झाली आहे. आता मुलगाही होऊ दे की प्रसिद्ध!” टोपी घेतली आणि कोटाच्या आत दडवून घरी आलो.

बर्नीसला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, “तू पिऊन आला असतास तरी तुझ्या शेजारी बसले असते.” आणि खरंच, हॉलमध्ये शिरल्याबरोबर ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली आणि मला ओळखत नसल्यासारखी कोशिंबीर वाढून घेऊ लागली. मी रांगेत उभा राहिलो. चौतीस वर्षं मी या लोकांच्या दारात टपाल टाकलं आहे. यांच्या कुत्र्यांची नावं मला पाठ आहेत. पण त्या संध्याकाळी एकाने मान वर करून नमस्कार केला असेल तर शपथ. मासे वाढणाऱ्या म्हातारीने टोपी पाहिली, मला पाहिलं, आणि माझ्या ताटात आलेला मोठा तुकडा उचलून परत ठेवला, आणि शेपटीकडचा वाढला. बटाट्याची धिरडी संपली म्हणाली. माझ्या मागच्याला तीन मिळाली.

आणि मग प्रार्थनेची घंटा झाली. हे माझ्या लक्षातच नव्हतं बघ! सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. हॉलभर टक्कलंच टक्कलं, आणि मधोमध मी एकटा, शिकागोची टोपी घालून हात जोडून उभा. नॉर्बर्टकडे पाहिलं तर तो हळूच मान हलवतो, नाही म्हणून. फादर लिओंनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. अन्नाबद्दल देवाचे आभार मानून झाले, मासे पकडणाऱ्यांचे झाले, आणि मग त्यांनी आवाज जरा चढवून म्हटलं, “आणि हे प्रभो, आपल्यातला जो एक बांधव वाट चुकला आहे, त्याला सीझन सुरू होण्याआधी सुबुद्धी दे.” अख्खा हॉल ‘आमेन’ म्हणाला. एवढ्या एकमुखाने त्या हॉलमध्ये कधी आमेन झालं नव्हतं. बर्नीसचा आवाज तर सगळ्यांच्या वर होता.

मी घाम पुसत बसलो. (टोपी न उचलता घाम पुसणं फार अवघड असतं, आता कळलं.) अखेर गोड पदार्थ आला, ॲपल पाय. नॉर्बर्ट उठला, माझ्या टेबलाशी आला, सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि ताटाशेजारी कार्ड ठेवलं. हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. नुसतं म्हणाला, “घे. इतकी वर्षं मीही ठेवायला नको होतं.” मग मात्र खरं कारण हॉलभर पसरलं, म्हातारीने स्वतः येऊन दोन धिरडी वाढली, आणि फादर लिओंनी कार्ड हातात घेऊन विचारलं, हा नक्की आपल्याकडूनच खेळायचा ना?

घरी येऊन हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि मधल्या खिशात ऑर्विल पॅजेट सरकवला. पान पुरं दिसलं. बर्नीसने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “बरा दिसतोय.” तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं. तर अशी ही हकीकत. मुलांना आशीर्वाद, नातवंडांना पापे, दाजींना सीझनसाठी शुभेच्छा (सात-आठ सामन्यांपुरत्या).

तुझा धाकटा भाऊ,
कॅझ

ता. क. कार्डाच्या मागच्या बाजूचं लिहायचं राहिलं. मागे हिरव्या शाईत लिहिलंय: ‘ल्युसिलचं आहे. हात लावाल तर याद राखा.’ अक्षर तुझंच, ‘याद’खाली दोन रेघा आहेत. म्हणजे तुला आता कळलंच असेल. त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी तुझ्या बुटांच्या खोक्यातून मीच ते काढलं आणि नॉर्बर्टला दिलं. बदल्यात पहिल्या नंबरच्या पिचरसकट तीन कार्डं आणि एक च्युइंगगम मिळालं. अर्धं चघळलेलं. मला तेव्हा सौदा फार फायद्याचा वाटला होता.

ता. क. २. तू दोन दिवस रडत होतीस. आईने सणासाठी खोली झाडली होती, म्हणून तू तिलाच धरलंस. मी दाराआड उभा होतो, च्युइंगगम तोंडात तसंच. आईने माझ्याकडे बघितलं आणि तुला म्हणाली, “टाकलं गेलं असेल गं माझ्या हातून.” मला वाटलं, वाचलो, तिला खरंच तसं वाटतंय. रात्री झोपायला गेलो तर माझ्या उशीवर ती तिन्ही कार्डं. माझ्या पँटच्या खिशात धुण्यात भिजली होती, ती तिने पोळपाटाखाली दाबून सरळ केली होती. एक शब्द बोलली नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही. दर थँक्सगिव्हिंगला तू टेबलावर तो किस्सा सांगायचीस, सगळे हसायचे, आई टर्की वाढता वाढता म्हणायची, “हो बाई, मीच ती.” मी समोर बसून खात असायचो. तिला जाऊन चार वर्षं झाली, ताई. एकदाही तोंड उघडलं नाही मी. लाज वाटते.

ता. क. ३. आणि वर जे दुर्मीळ वगैरे लिहिलंय ते सगळं खोटं आहे. ऑर्विल पॅजेट कुठल्याही दुकानात, कुठल्याही खोक्यात चिल्लर नाण्याला मिळतो, लोक दुसऱ्या कार्डावर फुकटही देतात. मी त्याला आजवर पन्नासदा तरी हातात घेतला असेन. दर वेळी उलटा करून मागे बघायचो आणि परत ठेवायचो. मला दुसरा नको होता. नॉर्बर्टला विचारलं की ‘हरवलं’ म्हणायचा, आणि मी पुढच्या दुकानात जायचो. आता सापडला आहे, तो सोबत पाठवत आहे. खिशातून मी तो दुसऱ्याच दिवशी काढला. तो माझा नव्हताच.

एकच मागणं आहे. या ईस्टरला नातवंडं जमतील आणि तू पणजीचा तो किस्सा सांगशील, दाजी नेहमीच्या जागी हसतील. तो किस्सा बदल. आईला त्यातून काढ आणि मला घाल. हवं तेवढं तिखटमीठ लाव, मी काही म्हणणार नाही. फक्त नाव पुरं सांग, कॅझिमिर, धाकटा भाऊ. आपल्या गोतावळ्यात आणखी दोन कॅझ आहेत, उगाच त्यांच्यावर जायला नको. भलत्याच माणसावर एकदा आळ आलाय आपल्या घरात, तेवढा पुरे.