रंगारीकाकांची शीळ

२ फेब्रुवारी, सोमवार

आज अठरा तोंडं पाहिली. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "आधी स्वतःचं धू!"

औषधाच्या चाचणीचं हे काम सोपं आहे, असं मोठ्या मॅडम म्हणतात. गळ्याला किरणं देऊन ज्यांची लाळ आटली आहे, त्यांच्या तोंडात दिवसातून चारदा स्पंजच्या काडीनं द्रव फिरवायचा. हिरड्या, गाल, जीभ, शेवटी ओठ. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना साधं पाणी. बाटल्या सारख्याच, फक्त झाकणं वेगळी — हिरवी आणि पांढरी. कशात काय आहे ते मॅडमच्या कपाटातल्या बंद पाकिटात. मग विचारायचं, "तोंडाला किती बरं वाटतंय? शून्य ते दहा." आकडा लिहायचा की झालं. एका माणसाला दोन मिनिटं.

मला सात लागतात! दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येतं आणि सगळा वॉर्ड पाण्याखाली असल्यासारखा वाटतो. काडी फिरवता फिरवता मी कुठल्या कुठे जाते. आई म्हणते तेच खरं, मी जन्मले तीच तंद्रीत.

४ फेब्रुवारी, बुधवार

खिडकीजवळच्या पलंगावर नवे काका. घरं रंगवायचे. बोलणं म्हणजे नुसती कुजबुज, जीभ टाळूला चिकटते. तरी पहिलं वाक्य काय, तर — "या भिंतीला एकच हात दिलाय. चोर आहेत."

पांढरं झाकण. आकडा विचारला. "दोन." मग माझ्याकडे बघून, "तीन लिही हवं तर. तुला बरं वाटेल."

दोनच लिहिलं.

५ फेब्रुवारी

काका — २. बाहेरच्या झाडावर एक पान अर्धा तास लोंबकळत होतं. पडलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

काकू भेटायला आल्या. बुटक्या, हसऱ्या, हातात कायम पिशवी. त्यांच्याकडून कळलं — काका शिडीवर उभे राहून शीळ घालायचे. दिवसभर! संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दोनदा वर, एकदा खाली. की काकूंनी चहा टाकायचा. चाळीस वर्षं.

"तुम्हाला येते का हो शीळ?" मी विचारलं.

"मला मेलीला कुठली!" म्हणून काकू हसल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. काकाही हसले, मग ओठ फुटून रक्त आलं.

काकांना दुसरं काही नको. ते आकडे तुमचे तुम्हाला लखलाभ, म्हणाले. "एकदा हिच्यासाठी शीळ निघू दे. मग लिही काय लिहायचं ते." ओठांचा चंबू करून दाखवला. फक्त हवा आली.

घरी येताना रस्ताभर मी शीळ घालून पाहत होते. ओल्या तोंडाचं केवढं सुख आहे, कधी लक्षातच आलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी सगळ्यांना बसवून बजावलं. "पेशंट तुम्हाला खूश करायला आकडा सांगतात. चेहरा कोरा ठेवा. तुमच्या डोळ्यांत आशा दिसली की आकडा वाढतो."

सगळ्यांनी माझ्याकडेच का पाहिलं?

११ फेब्रुवारी

हिरव्या झाकणाच्या आजी आज आठ म्हणाल्या. शेजारचा ड्रायव्हर सात, तोही हिरवा. हिरव्यात औषध आहे! आंधळ्यालाही कळेल. आणि काकांना आम्ही दिवसातून चारदा पाणी पाजतोय. वर विचारतोय, बरं वाटतंय का? लाज वाटली मला.

काका — १. डॉक्टर म्हणाले, आता दिवस थोडे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

केलं.

ड्रायव्हर घरी गेला, त्याची भरलेली बाटली उरली होती. औषधांच्या खोलीत गेले, तिच्या आणि काकांच्या बाटलीच्या झाकणांची अदलाबदल केली, काकांच्या नंबराची चिठ्ठी त्या बाटलीवर चिकटवली. एक मिनिटही लागलं नाही.

१३ फेब्रुवारी

काका — ५!

काडी काढल्यावर जीभ फिरवून थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पाच."

१४ फेब्रुवारी

६. मी चेहरा कोरा ठेवला. म्हणजे प्रयत्न केला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस जपून ठेवायचा आहे.

चारची वेळ. मी बाटली घेऊन येत होते. काकांच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला, आत काकू बसल्या होत्या. मी पडद्याला हात लावणार इतक्यात शीळ आली. दोनदा वर, एकदा खाली. बारीक, जराशी फाटकी, पण शीळच! आजींनी मान वळवली. सिस्टरच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

मी पडदा सारला. काका उशीला टेकून हसत होते. काकू पदरानं तोंड पुसत होत्या, बहुधा रडल्या होत्या. काकांनी नऊ बोटं वर केली.

नऊ! मी नऊ लिहिलं. कागदावर तो आकडा तरंगत होता. मी चुकीचं वागले, कळतं मला. पण ती शीळ ऐकली असती तर मॅडमनीही तेच केलं असतं.

१९ फेब्रुवारी

सकाळी आठला गेले तर खिडकीजवळच्या पलंगावर नवी चादर घालत होते. पहाटे गेले, म्हणाले.

भिंतीकडे पाहिलं. खरंच एकच हात दिलाय.

२७ मार्च, शुक्रवार

चाचणी संपली. मॅडमनी पाकीट उघडलं.

हिरव्यात पाणी. औषध पांढऱ्यात होतं.

मॅडम पुढे बरंच बोलल्या. मी ऐकलं नाही. मी काकांचं औषध काढून घेतलं. मी. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात!

२८ मार्च

रात्रभर एकच विचार. पाण्यावरही काका नऊवर पोचले ना? शीळ निघालीच ना? मग ते सात मिनिटांचं बसणं असेल. माझा हात असेल. कदाचित औषधापेक्षा तेच मोठं असेल, कोणी सांगावं! हे धरलं की बुडत नाही. मॅडमना झाकणांचं सांगायचं की नाही, ते मात्र ठरत नाही.

३० मार्च, सोमवार

काकू आल्या होत्या, पिशवीत राहिलेल्या काड्या परत द्यायला. मी म्हटलं, काकू, ती शीळ मी जन्मभर विसरणार नाही.

काकूंनी माझा हात धरला. "अगं, ती मी घातली. त्यांनीच शिकवलेली, लग्न झालं त्या वर्षी. तुझी पावलं वाजली तशी मला खूण केली. म्हणाले, आधीचं औषध गार लागायचं, हे नुसतं पाणी आहे. पण पोर किती आशेनं विचारते. तिला बरं वाटू दे."

तक्ता काढला. पाच, सहा, नऊ. मॅडम केबिनमध्ये आहेत. जाते.