जिमेनाला टेकडीवर कोणत्या वाटेने आणावे

ती. रोसाल्बाताईस,

साष्टांग नमस्कार घालायला माझी हरकत नाही, पण आडवा झालेला माणूस उठणार कसा, हा प्रश्न आहे. म्हणून खुर्चीत बसून केलेला नमस्कार गोड मानून घे. तेमुकोच्या पावसात तुझी कंबर कशी आहे? माझी प्रकृती उत्तम. (कोणी वेगळे कळवले असल्यास ती प्रतिगामी अफवा समजावी.)

जिमेनाने तुला काय लिहिले ते मला ठाऊक आहे. मुलगी माझीच, तेव्हा हट्टी. आमच्या टेकडीची रुळांवरची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि दुरुस्ती सोडून बाकी सगळे चालू आहे. म्हणून बापाला सान्तियागोला नेऊन आपल्या चौदाव्या मजल्यावर ठेवायचे, असे तिचे मत. मी म्हणतो, मी इथेच मरेन. शेवटी निकाल तुझ्यावर सोपवला आहे. आत्या जिमेनाला घेऊन येईल, बघेल आणि सांगेल ते अंतिम. तेव्हा वाल्पाराइसोला येताना काय करावे आणि काय टाळावे, ते नीट वाच.

सपाट तळव्यांचे बूट घाल. सकाळी समुद्राचे धुके असते, दुपारी ऊन, संध्याकाळी टोपी उडवणारा वारा. तिन्हींचे कपडे अंगावरच असू देत. बसस्थानकावर एखादा कुत्रा सोबतीला लागेल. तो दारापर्यंत येतो आणि आपला आपण परत जातो. त्याला नाव मात्र ठेवू नकोस, नाहीतर मुक्काम करतो. रस्ता एकालाच विचार. दोघांना विचारलास तर ते आपसात भांडतील आणि तू तिथेच उभी राहशील. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जिमेनाला टेकडीच्या जिन्याने आणू नकोस. मागच्या रस्त्याने सामायिक टॅक्सी थेट माथ्यावर येते. तिथून घरापर्यंत उतारच आहे. बाप किती सोप्या जागी राहतो, हे तिला दिसेल.

आता परवाचा प्रसंग तुझ्या कानावर घालतो, कारण कोणीतरी घालणारच. लिफ्ट सुरू करावी म्हणून पायथ्याशी सभा होती. भाषण अर्थातच माझे. मी ग्रीकांपासून आरंभ करून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत आलो होतो (लोक उभे होते, कारण वर जायचा जिना माझ्या पाठीमागे होता), आणि ‘आम्ही कोणापुढेही गुडघा टेकणार नाही’ या वाक्याला माझा डावा गुडघा दुमडला. मी खाली बसलो. लोकांना तो भाषणाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

उठता येईना, तेव्हा मासेवाल्या ओस्वाल्दोने दोन बोटे तोंडात घालून शीळ मारली. फ्रीज असो, गॅसची टाकी असो, कोणाचे कपाट असो, शीळ ऐकली की खिडक्या उघडतात आणि माणसे दोर घेऊन खाली येतात. मला खुर्चीला बांधले आणि वारा लागू नये म्हणून डोक्यावरून घोंगडी टाकली. इथला नियम असा की ओझ्याने बोलायचे नाही. वाहणाऱ्यांना हसू आले तर पाय चुकतो. मी तोंड मिटले. आयुष्यात एवढा वेळ मी झोपेतही गप्प राहिलेलो नाही. ओस्वाल्दो म्हणाला, “काका, तुमची पुस्तकंसुद्धा आम्हीच चढवली होती. ती हलकी होती.”

वळणावर एउदोसियाबाई दार उघडून उभी. तिचे कपडे धुण्याचे यंत्र यायचे होते. घोंगडीखालचे चौकोनी ओझे बघून तिने हुकूम सोडला, “आत आणा. नळाजवळ ठेवा, भिंतीला घासू नका.” जिन्यावर जो हुकूम सोडतो त्याचे ऐकायचे, ही ओझेकऱ्यांची सवय. त्यांनी मला नळाजवळ ठेवले. तिने घोंगडी ओढली, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, “हे मी मागवलं नव्हतं.”

“आधी चालतंय का बघा,” ओस्वाल्दो म्हणाला.

मग तिने सगळ्यांना चहा केला, पाव आणि कुस्करलेला अ‍ॅव्होकॅडो पुढे ठेवला आणि माझ्या गुडघ्याला शेक दिला. ताई, हयातभर मी गोदीवर ऐक्यावर बोललो. ज्यांनी माझे एकही भाषण शेवटपर्यंत ऐकले नाही, त्यांनी मला शेवटपर्यंत वाहून नेले. माझ्यावरच्या त्या उपकाराला मला शब्द सुचेना, आणि मला शब्द सुचत नाही म्हणजे काय, हे तू जाणतेस.

तुझा धाकटा आणि अद्याप इथलाच,
एवारिस्तो

ता. क. खुर्चीचे जिमेनाला सांगू नकोस. शेजाऱ्यांनाही बजावून ठेवले आहे.

ता. क. दुसरा. पत्र पुन्हा वाचले. टॅक्सीचे विसर. तिला जिन्यानेच आण. तिच्या हातात जड पेटी दे, पायथ्याशी उभी राहा आणि शीळ मार. कोण कोण खाली येते ते तिला बघू दे. मग तिच्या चौदाव्या मजल्यावर शीळ मारली तर कोण येईल, एवढेच विचार. त्यावरही ती ‘बाबांना नेते’ म्हणाली, तर मी मुकाट्याने जाईन.

ता. क. शेवटचा. तुझी कंबर लक्षात घेऊन खुर्ची खालीच ठेवली आहे. ओस्वाल्दोने तुझे वजन विचारले. मी लग्नाआधीचे सांगितले आहे. मला खोटे पाडू नकोस.