रांगेतली मोकळी जागा

दि. ६

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस ते मला धड ऐकू येत नाही, आणि लिहायला बसावं तर माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लिहून लिहून फाडलं.

इटुकलीने डोळे उघडले का? तुम्हा मायलेकींना त्या लांबच्या दवाखान्यात नेल्यापासून घास गिळवत नाही. डॉक्टर काय म्हणतात ते खरं लिही. तू गोड करून लिहिलंस की मी जास्त घाबरतो.

इकडे कोचबाई मोठ्या मुलींना घेऊन सामन्यांना गेल्या आणि लहानग्यांचे बास्केटबॉलचे फ्री थ्रो, म्हणजे रेघेवरून एकेकाने चेंडू टाकणं, माझ्या गळ्यात बांधून गेल्या. म्हणाल्या, आजोबा, हॉल झाडता झाडता इतकी वर्षं बघताय, जमेल की. रिंग खाली घेतली आहे, रेघ पुढे ओढली आहे, तरी चेंडू पोचेल तर शपथ. मी ओरडून सांगतो, जोर दंडात नाही, गुडघ्यात आहे. आणि चेंडू सुटला तरी हात खाली घेऊ नका, त्याला वाट दाखवा. त्यावर एक कार्टा, ज्याला सगळे वकील म्हणतात, विचारतो, चेंडूला वाट ठाऊक नसते का?

पण बेबी, ही पोरं रांगेत एक जागा मोकळी सोडतात. वकिलाच्या मागे, दाताडी म्हणतात त्या पोरीच्या पुढे. इटुकली उभी राहायची तिथे. रांग सरकते तशी ती जागाही सरकते. पुढे आली की वकील चेंडू रेघेवर ठेवतो आणि बाजूला होतो. सगळी रिंगकडे बघतात, मग एकदम अर्रर्र करतात, आणि दाताडी पुढे येते. चेंडू तर जागचा हललेला नसतो. विचारलं तर वकील म्हणाला, इटुकलीची पाळी आहे, मध्ये बोलू नका.

काल मी तो चेंडू उचलला. लहान तळव्याने धरून ठेवल्यासारखा ऊन आणि घामट होता.

लवकर लिही. म्हाताऱ्यावर माया असू दे.

बाबा

दि. ११

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. मैत्रीण आजारी आहे, मुलांनी तिची जागा धरली आहे, इतकंच. तुम्हाला तर दोरी दिसली की साप दिसतो. चेंडू दिवसभर उन्हात पडला असेल. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका.

गोड न करता लिहिते. ताप उतरला, पण ती हाकेला ओ देत नाही. डॉक्टर म्हणतात, औषधाचं काम झालं, आता पुढचं तिच्या हातात.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. रोज नर्स दिवे लावते त्या सुमाराला तिचा उजवा हात चादरीबाहेर येतो. वर जातो, मनगट पुढे वळतं, आणि हात तसाच वर राहतो. मी तो धरून खाली ठेवते. नर्स म्हणाली, असे झटके येतात. झटका इतका सावकाश येतो का, बाबा?

तुमची रांग कधी लागते? आणि मुलांना विचारा, चेंडू आत जातो का. मी विचारलं म्हणून सांगू नका.

लेकीवर असाच जीव राहू दे.

बेबी

दि. १५

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रांग दिवेलागणीलाच लागते. तुझ्या सांगण्याप्रमाणे विचारलं. दाताडी म्हणाली, आधी पोचतच नव्हता, आता रिंगला लागून बाहेर येतो. वकिलाने तोंड वाकडं केलं. म्हणाला, आत कसा जाईल? कोणीतरी दर वेळी तिचा हात खाली ओढतं.

बेबी, मी त्याला तुझ्या पत्रातलं काही सांगितलं नव्हतं. तुझ्या गळ्याची शपथ.

तिचा हात वर गेला की धरू नकोस. राहू दे वर. दुसरं काही मला सुचत नाही.

माया कमी करू नकोस.

बाबा

दि. २०

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, पण तू हात धरला नाहीस हे मला कळलं. काल चेंडू आत गेला. मला चेंडू जाताना दिसला नाही, तो रेघेवरच होता, पण जाळी हलली ती दिसली. खिडक्या बंद होत्या, मीच लावतो त्या. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. मीही वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

आज रांगेत जागा नव्हती. दाताडी वकिलाला अगदी खेटून उभी. मी म्हटलं, मागे हो, जागा सोड. तिने विचारलं, कोणासाठी? मला राहवेना, मीच मध्ये घुसून उभा राहिलो. सगळी फिदीफिदी हसली. वकील मात्र मोठ्या माणसासारखा समजावत म्हणाला, आजोबा, तिचं झालं शिकून, ती काल गेली. कुठे, तर म्हणाला, मला काय माहीत, आईकडे गेली असेल. कोणाबरोबर, तर एकटीच, पळत, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

हात सोडायला मीच सांगितलं. बरं केलं की वाईट, माझ्या अकलेला उमगत नाही. ती इथून निघाली, एवढंच मला ठाऊक. लांबचा रस्ता आहे आणि लेकरू एकटं आहे.

तुझ्यापाशी पोचली का? बाकीचं मागाहून लिही, आधी तेवढं कळव. आजच्या टपालाने कळव.

बाबा