खड्ड्यांवर चालणारी बेकरी

४ जानेवारी
रोलर आला आज! अख्खी गल्ली बघायला लोटली. चहावाल्यानं फुकट चहा वाटला. मीही टाळ्या वाजवल्या. काय करणार? हा रस्ता नको म्हणणारी मी एकटीच, आणि तेही फक्त इथे, कागदावर.

कोणाला सांगू, की खड्डे होते म्हणून माझी बेकरी चालत होती? पोल्ट्रीतून निघालेला टेम्पो आदळत-आपटत यायचा आणि बाजारात जाण्याआधी माझ्या मागच्या दारी थांबायचा. अंडीवाला ट्रे उतरवून तडकलेली अंडी वेगळी काढायचा. ती दुकानदार घेत नाहीत, मला अर्ध्या भावात मिळायची. ताजी असली म्हणजे झालं, शेवटी भांड्यात फोडायचीच ना! हे गेल्यापासून केक परवडतोय तो त्या अंड्यांच्या जिवावर.

१९ जानेवारी
डांबर पडलं. दुकानभर वास. पावालाही लागलाय असं वाटतं.

भावाचा फोन आला. "आता रस्ता झाला, दोन तासांत पोचशील. बेकरी काढून टाक नि ये इकडे. मागची खोली रिकामीच आहे." मागून वहिनीचा आवाज — "आधी त्यातलं सामान कुठे हलवायचं ते ठरवा." रिकामीच म्हणे!

२७ जानेवारी
तडकलेली जेमतेम मूठभर निघाली. अंडीवाला खाली मान घालून ट्रे चाळत होता, जशी काही चूक त्याचीच. एरवी तासभर लागायचा. तो निवडायचा, मी पीठ फेटायची, नि तोंडं चालू — माझा गुडघा, त्याची करपलेली भाजी, लांब दिलेली त्याची लेक फोन का करत नाही. आज चहा पुरता प्यायलाही नाही. "निघतो बाई. आता वेळ लागत नाही."

खरंय. आता वेळ लागत नाही.

२ फेब्रुवारी
एकही तडकलं नाही. हॉर्न वाजवून तसाच पुढे गेला.

८ फेब्रुवारी
बाजारातून चांगली अंडी पूर्ण भावानं घेतली, म्हणून केकचा भाव वाढवावा लागला. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात शहरातला पाकीटबंद केक येऊन बसलाय. त्याच रस्त्यानं! एक विकत आणून खाऊन पाहिला. निव्वळ भुसा. पण स्वस्त. शाळेतल्या बाई दर शनिवारी माझ्याकडून न्यायच्या, आज तेच पाकीट पिशवीत दडवून समोरून गेल्या. दडवायचं कशाला? मी काय खाणार होते त्यांना?

संध्याकाळी लक्षात आलं, सकाळपासून तोंडच उघडलेलं नाही. मग ओव्हनलाच दटावलं. आवाज असा घोगरा निघाला की माझी मीच दचकले.

१५ फेब्रुवारी
भावाला सांगून टाकलं, महिनाअखेरीस येते. तो म्हणाला, "शहाणी झालीस." फोन ठेवला नि ढसाढसा रडले.

बेकरीसाठी रडले असं कोणालाही वाटेल. तसं नाही. सकाळी मागचं दार वाजायचं, त्यासाठी रडले. या वयात हे लिहायची लाज वाटते. पण लिहिलं.

१६ फेब्रुवारी
टेम्पोचा हॉर्न ऐकून बाहेर धावले, हात करून थांबवला. म्हटलं, बंद करतेय बेकरी. भावाकडे जाते.

अंडीवाला टेम्पोतून उतरला, परत चढला, आरसा उगाच पुसला. मग गेला. मला वाटलं होतं, निदान 'का' म्हणून तरी विचारेल. मेल्याला एवढंही सुचू नये! दिवसभर चिडचिड केली. केकचे दोन घाणे करपवले, ते वेगळंच.

१७ फेब्रुवारी
मागचं दार वाजलं. अंडीवाला, हातात भरलेला ट्रे. "आज बरीच तडकली, बाई." नि बसला निवडायला. मी एक उचललं, दुसरं उचललं, तिसरं. सगळ्यांना तडा एकाच जागी, टोकाशी, चमच्यानं टिचकी मारावी तसा. मी त्याच्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते. पोल्ट्रीचा मालक पगारातून कापेल ना याच्या! म्हटलं, "उद्यापासून न फोडता या."

त्याचा चेहरा पडला.

म्हटलं, "पण या."